बुडालेल्या गावच्या पत्त्यावरची बोट

“बसा निवांत. पल्याडचा काठ कुठं पळून जात न्हाई.”

बोटीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला कोंडीबा शेलार एवढंच सांगायचा. आजारी बाईला दवाखान्यात नेणारा नवरा असो, परीक्षेला निघालेली पोरगी असो, की मुंबईची गाडी गाठायची म्हणून एका पायावर उभा असलेला हॉटेलातला गडी असो, सगळ्यांना तेच वाक्य आणि तेही त्याच संथ आवाजात. मग तो दोरी सोडायचा, इंजिनाला हात घालायचा, आणि कोयनेच्या धरणाचं हिरवं पाणी दोन्ही अंगांनी सरकायला लागायचं.

त्याचं घर धरणाच्या वर, डोंगराच्या उतारावर. त्याच्या वस्तीत एके काळी बरीच घरं नांदती होती. पोरं मुंबईला गेली, मग पोरांनी आईबापांना नेलं, मग कुलपं गंजली. आता संध्याकाळी त्या उतारावर एकट्या कोंडीबाच्या घरातून धूर निघतो. तो पलीकडच्या काठावरूनही दिसतो. तिथले लोक म्हणतात, म्हातारा बोटीशी बोलतो. मी त्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, “बोटीशी न्हाई बोलत. मोठ्यानं इचार करतो. लोकास्नी फरक कळत न्हाई.”

माझी त्याची ओळख बोटीच्या सौद्यामुळे झाली.

आमची नांदरवाडी सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. मागोमाग दोन महापूर आले आणि दोन्ही वेळा गावाला बोट मिळायला उशीर झाला. तेव्हा लष्करातून सुभेदार होऊन आलेले आमचे लालासाहेब म्हणाले, “बस हो गया. आता गावाची सोताची बोट पायजे.” गावाच्या कडेला कोयनेच्या धरणग्रस्तांची वसाहत आहे. तिथला आकाराम गुरव म्हणाला, “आमच्या वरच्या खोऱ्यात कोंडीबाची बोट हाय. इकायची म्हनतोय.” मला चार अक्षरं बरी लिहिता येतात. शाळा अर्ध्यात सुटली, पण अक्षर सुटलं नाही. म्हणून कागदपत्रांसाठी लालासाहेबांनी मला बरोबर घेतलं.

पाहायला गेलो तो दिवस उन्हाळ्याचा होता. धरणाचं पाणी खाली उतरलेलं, काठाला लाल मातीच्या पायऱ्या पायऱ्या पडलेल्या. बोट फायबरची, निळ्या रंगाची, पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना नोंदणीचा नंबर पांढऱ्या रंगात. रंग कोंडीबानंच दर साली दिलेला, अक्षरं किंचित वाकडी पण ठसठशीत. त्यानं आम्हाला बसवलं, आपलं वाक्य म्हटलं, आणि बोट पाण्यात घेतली.

मध्यावर गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं.

“तेल संपलं का?” लालासाहेबांनी विचारलं.

“न्हाई. गावात आलोय.”

आम्ही चहूकडे पाहिलं. पाणीच पाणी.

“कुठल्या गावात?”

“शिरघोळात. ह्या खाली देऊळ हाय. तिकडं वढा, तिकडं मोऱ्यांची आळी. हितनं जाताना आमी इंजान लावत न्हाई. गावातनं धडधड करत जायचं म्हंजी कसं वाटतं?” त्यानं वल्हं घेतलं आणि पुढं हळू आवाजात म्हणाला, “आनि हितं जरा बारीक बोला, सुभेदार.”

लालासाहेब आयुष्यात कधी बारीक बोललेले नाहीत. पण त्या दिवशी ते देऊळ ओलांडेपर्यंत गप्प राहिले. इंजिन पुन्हा लागलं तेव्हा मला म्हणाले, “घ्यायची. हीच घ्यायची.”

किमतीवरून फार घासाघीस झाली नाही. पर्यटकांना फिरवणारे लोक जास्त द्यायला तयार होते, हे मला नंतर कळलं. कोंडीबानं त्यांना वाटेला लावलं होतं. त्याला बोट नांदरवाडीलाच द्यायची होती. कारण नांदरवाडीच्या वसाहतीत अंबूबाई राहायची, आणि अंबूबाई त्याची बायको होती.

ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलत नाही. धरण भरलं तेव्हा दोघंही लहान होती. शेलारांचं आणि मोऱ्यांचं बिऱ्हाड एकाच ट्रकमधून आमच्या गावच्या माळावर उतरलं. वसाहतीतच दोघं मोठी झाली, तिथंच लग्न लागलं. पण कोंडीबाचा जीव सपाट जमिनीत रमला नाही. तो बायकोला घेऊन परत वर गेला, उतारावर घर बांधलं, लोकांना अल्याड-पल्याड करायला लागला. मूलबाळ झालं नाही. तो दिवसभर पाण्यावर, ती दिवसभर ओट्यावर. बोलायला शेजारीण नाही, भांडायला सासू नाही.

एका पावसाळ्यात खालून निरोप आला, अंबूबाईची आई अखेरच्या घटका मोजतेय. वारं सुटलं होतं, पाणी उसळत होतं. अंबूबाई गाठोडं घेऊन काठाला येऊन बसली. कोंडीबानं आभाळ बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बस निवांत. पल्याडचा काठ कुठं पळून जात न्हाई.” वारं पडायला तिसरा दिवस उजाडला. ती वसाहतीत पोचली तेव्हा आईची राख सावडून झाली होती. त्या वाऱ्यात बोट घालणं शहाणपणाचं नव्हतं, हे तीही जाणून होती. पण ती परत वर गेली नाही. भावाच्या घरात राहिली. नवं रेशनकार्ड निघालं तेव्हा तिनं नवऱ्याच्या जागी बापाचं नाव लावलं. कोंडीबा दोनदा न्यायला आला, तेव्हा तिनं दारातून एकच सांगितलं, “एक तर बोट, न्हाईतर मी.” तो उठून गेला. आता इतक्या वर्षांनी, हात थरथरायला लागले, डोळ्यांना पलीकडचा काठ धुरकट दिसायला लागला, तेव्हा त्यानं बोट विकायला काढली.

मी सगळे कागद जमवले. विक्रीचा करारनामा, इंजिनाची पावती, तपासणीचा दाखला, बोटीचा फोटो, कोंडीबाचं आणि लालासाहेबांचं आधार कार्ड, आणि कोंडीबानं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं बोटीचं नोंदणीपत्र. बोटींच्या नोंदीचं काम चालायचं ती कचेरी साताऱ्यात होती. टेबलावर संयोगिता मॅडम म्हणून तरुण बाई होत्या, बोलायला गोड. त्यांनी कागद एकावर एक लावले आणि थांबल्या.

“हे शिरघोळ कुठं आलं?”

“धरनात,” कोंडीबा म्हणाला.

“धरणाजवळ का?”

“न्हाई, मॅडम. धरनात. पान्याखाली.”

“पण बोट घेतली तेव्हा तर धरण भरून किती वर्षं झाली होती! मग मालकाचा पत्ता शिरघोळ कसा?”

“सायबानं इचारलं, गाव कंचं? म्या सांगितलं. गाव त्येच की.”

त्या खोऱ्यातला कुणीही हेच सांगेल. तीन पिढ्या झाल्या तरी त्यांच्या लग्नपत्रिकेवर बुडालेल्या गावाचंच नाव असतं. राहतो ते ठिकाण, आणि देव आहे ते गाव, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सरकारी कागदावर मात्र एकच रकाना असतो. आधार कार्ड वसाहतीतलं, बापाच्या जमिनीमुळे नाव तिथंच राहिलेलं. त्यावर गाव नांदरवाडी.

मॅडमनी दोन्ही कागद आमच्याकडे फिरवले. “विकणारे कोंडीबा शेलार नांदरवाडीचे. बोटीचे मालक कोंडीबा शेलार शिरघोळचे. हे दोघं एकच, असं कुणीतरी सांगायला पाहिजे.”

“मी सांगतो की.”

“तुम्ही नाही चालत, आजोबा.”

“मीच मला वळखत न्हाई व्हय?” कोंडीबा हसला. कचेरीतले दोघं-तिघंही हसले. मॅडमही हसल्या, पण कागद तसेच राहिले. शिरघोळात आणि वसाहतीत, दोन्हीकडे त्याला ओळखणारे दोन साक्षीदार हवे होते. साहेबांच्या समोर येऊन सांगायला आणि सही करायला. “आणि नात्यातलं कुणी नको,” मॅडम म्हणाल्या. “भाऊ, भावकी, बायको, कुणी चालत नाही.”

‘बायको’ म्हटल्यावर कोंडीबानं मान खाली घातली.

आम्ही नांदरवाडीला परतलो आणि वसाहतीत घरोघर हिंडलो. कोंडीबा माझ्यामागे दोन पावलं. म्हातारी माणसं सरली होती. जी राहिली होती ती बहुतेक शेलारच, म्हणजे भावकी. बाकीच्यांची मुलं दारात येऊन म्हणायची, “बाबा असते तर सांगितलं असतं.” एका घरात तर तरण्या पोरानं मलाच विचारलं, “हे कोण?” कोंडीबा त्याच्या बापाबरोबर विटीदांडू खेळलेला. तो पुढच्या दाराकडे बघत राहिला.

आकाराम गुरव लगेच तयार झाला. दुसरा साक्षीदार मिळेना. शेवटी एकच दार राहिलं.

अंबूबाई भावाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. कोंडीबा अंगणात उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“इचारा त्यास्नी, च्या बिनसाखरेचा घ्येत्यात का आता.”

मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “साखर चालती.”

“नीट ऐकाया येतंय म्हनायचं आजून.” ती आत गेली, चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि त्याचा कप ओट्याच्या कडेला ठेवला.

“बोट इकतोय,” तो म्हणाला.

“कळलं.”

“तुज्याच गावाला दिली.”

“गावाला लागत आसंल. मला कुठं जायाचंय? मी ह्या दारातनं हलत न्हाई.” शेंग फुटल्याचा आवाज झाला. “आवं, तुमचा काठ पळत न्हवता न्हवं? काठ न्हाई पळाला. मी आले पळून.”

तो चहा पीत राहिला. मीच मग सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, “पण मावशी, नात्यातलं माणूस चालत नाही म्हणतात.”

ती उठली, आतून आपलं कार्ड आणलं आणि माझ्यापुढे धरलं. “बघा कुनाचं नाव हाय. बापाचं. कवा जायचं ते सांगा.”

रात्र व्हायच्या आत कोंडीबाला वरची गाडी धरायची होती. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीची वाट बघताना तो खुशीत होता. इतका खुशीत मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

“तिनं कार्ड दावलं, त्ये तुमच्यापुढं,” तो म्हणाला. “सायबापुढं ती खोटं बोलायची न्हाई. जलमात कवा बोलली न्हाई. सायेब इचारंल, ह्यो तुजा कोन? ती म्हनंल, नवरा.”

“मग कागद अडेल की.”

“अडू दे.”

“आणि बोट?”

“बोट जाऊ दे तळाला! गड्या, बोट कशापायी इकतोय मी? म्हातारपनी एका घरात दोन मानसं आसावीत म्हनूनच न्हवं? ती एकदा चारचौघांत नवरा म्हनली, की म्या हितं दारात येऊन बसलो तरी मला कोन उठवनार हाय?”

गाडी आली, तो चढला. खिडकीतून हात हलवत होता, पोरासारखा.

ठरल्या दिवशी सगळे साताऱ्याच्या कचेरीत जमलो. लालासाहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून, आकाराम नवी टोपी घालून. अंबूबाई आमच्याच जीपमधून आली. कोंडीबा आधीच येऊन जिन्यावर बसला होता. दाढी केलेली, धोतर धुतलेलं, डोक्यावर पांढरी टोपी.

साहेबांनी आकारामला विचारलं, “यांना कधीपासून ओळखता?”

“ह्यानं माजी चड्डी देवळाम्होरच्या आंब्यावर टांगली हुती, तवापासनं.”

“ते लिहून घेऊ का?”

“घ्या की. सगळं गाव साक्षी हुतं. पर गाव आता पान्यात हाय.”

साहेब हसले, आकारामची सही झाली. मग त्यांनी अंबूबाईला पुढं बोलावलं. तिचं कार्ड पाहिलं, नाव वाचलं. अंबूबाई बाळा मोरे.

“तुम्ही यांना शिरघोळमध्ये पाहिलंय?”

“व्हय. आमचं घर वरल्या आळीला, ह्येंचं वढ्याच्या कडंला. पानी आलं तवा ह्येंच्या आईनं चुलीचं दगड उपसून ट्रकात घातलं. डायवर वरडला, दगडं कशाला म्हनून. तवा ह्ये त्या दगडांवर बसून आले सगळ्या वाटंनं. कुनी उचलून टाकू नये म्हनून.”

कोंडीबा तिच्याकडे बघत होता. मला वाटतं, हे तो स्वतःही विसरला होता.

“आणि नांदरवाडीत?”

“तितंबी ह्येच.”

साहेबांनी लिहून घेतलं. मग पेन न उचलता विचारलं, “तुमचं यांच्याशी नातं?”

खोलीत पंखा फिरत होता. लालासाहेबांनी घसा खाकरला आणि तसेच थांबले. कोंडीबा खुर्चीवरून अर्धा उठला होता. अंबूबाईनं पदर सारखा केला. टेबलावरच्या त्या निळ्या बोटीच्या फोटोकडे ती बराच वेळ पाहत होती.

“न्हाई,” ती म्हणाली. “नातं काय न्हाई. एका गावचं.”

साहेबांनी लिहिलं. तिनं अंगठा नाही, सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. मॅडमनी शिक्का मारला. लालासाहेबांनी कोंडीबाचा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाले, “मुबारक हो! झालं काम.” कोंडीबानं मान हलवली. त्याला सही कुठं करायची ते मी बोटानं दाखवलं, तिथं त्यानं केली.

बाहेर आलो. आवारात झाडाच्या सावलीला अंबूबाई उभी होती. कोंडीबा तिच्याजवळ गेला. मी थोडा बाजूला झालो, पण ऐकू येत होतं.

“नवरा म्हनली आसतीस तर चाललं आसतं.”

“तुमची बोट अडली आसती.”

“अडू द्यायची.”

“इतकी वरसं बोट अडली न्हाई, मानसं अडली. आता म्हातारपनी कशाला अडवायची?” तिचा आवाज चढला नव्हता. “आनि म्या खोटं बोल्ले न्हाई. नातं न्हवतंच इतकी वरसं. आज फकस्त लिवलं.”

तो म्हणाला, “मग मी तिकडं आलो तर?”

“घर भावाचं हाय. म्या कोनाला या म्हनू?” तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि त्याच्या हातात दिली. “वाटंत खावा. चटनी हाय आत. तिकट कमी घातलंय.”

लालासाहेब जीप घेऊन आले. “चला कोंडीबा, वरपर्यंत सोडतो. बोट ताब्यात घ्यायचीच आहे.”

“तुमी व्हा म्होरं,” कोंडीबा म्हणाला. “बोटीच्या कुलपाची किल्ली दारामागं खुटीला हाय. थंडीच्या दिसांत इंजान पयल्या दमात लागत न्हाई, दोरी दोनदा वडा. मी यष्टीनं येतो.”

“अहो, जागा आहे की गाडीत.”

“हाय. पर चालतो जरा.”

भाकरी काखेत धरून तो आवाराच्या फाटकातून बाहेर पडला. स्टँड उजवीकडे होता, तो डावीकडे वळला. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. उन्हात रस्ता पांढरा पडला होता. रिक्षा, दुचाक्या, शाळा सुटलेली पोरं, त्यांतून तो चालत होता, ना घाईनं ना रेंगाळत.

आकाराम म्हणाला, “अंबे, चल, गाडीत बस.” ती हलली नाही. कपाळावर आडवा हात धरून ती त्या रस्त्याकडे बघत राहिली. लालासाहेबांनी इंजिन बंद केलं. वळणावरच्या रसवंतीच्या पलीकडे त्याची टोपी दिसेनाशी झाली, तरी तिचा हात कपाळावरून खाली आला नव्हता.